पाण्यावाचून जगण्याची विद्या



या व्याख्यानमालेच्या व्यासपीठावरून आजवर संतवाङ्मय, होळकरशाहीचा इतिहास, नाट्यसंगीत असे विषय आपण ऐकत आलात. त्या पंक्तीत आज उंदरांचे पान मांडायचे, हे थोडे धारिष्ट्याचेच काम आहे. परंतु ज्या गुरुजींच्या स्मृत्यर्थ आपण जमलो आहोत ते आम्हांला जीवशास्त्र शिकवीत असत, आणि ज्या गोष्टीची आकृती आपल्याला काढता येत नाही ती आपल्याला समजलेली नाही, असा त्यांचा दंडक होता. आज माझ्याजवळ फळा नाही. शब्दांनीच जमेल तेवढी आकृती काढीन.

इंदुराचे आणि उंदरांचे नाते तसे जुने आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी प्लेगने या शहराला वारंवार ग्रासले. नगररचनेसाठी होळकर दरबाराने पॅट्रिक गेडिस या स्कॉटिश विद्वानास पाचारण केले, त्याचा दोन खंडांतील अहवाल १९१८ साली प्रसिद्ध झाला. हा गेडिस मुळात जीवशास्त्रज्ञ, टी. एच. हक्स्ले यांच्या हाताखाली शिकलेला. १९१७ च्या दिवाळीत त्याने शहरातून एक अभूतपूर्व मिरवणूक काढली. तीत घाणीचा राक्षस होता आणि प्लेगचा एक प्रचंड उंदीरही होता, शेवटी दोघांचेही दहन झाले. उंदीर म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे असा उभा राहतो: जाळण्याजोगा, विष घालण्याजोगा. शासनाचेही मत फारसे निराळे नव्हते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात उंदीर उपद्रवी प्राण्यांच्या परिशिष्टात होते; ते परिशिष्टच २०२२ च्या दुरुस्तीने वगळले गेले.

परंतु उंदरांची जात एक नाही. आपल्या माळव्याच्या शेतांच्या बांधांवर, पडीक रानात एक लांब शेपटीचा, मोठ्या डोळ्यांचा, पिंगट पाठीचा आणि पांढऱ्या पोटाचा प्राणी राहतो. शेपटीच्या टोकाला केसांचा गोंडा असतो. रात्री तो बिळाबाहेर येतो आणि पाठलाग झाला की लांब लांब उड्या टाकीत नाहीसा होतो. उत्तरेत त्याला हरना मूस म्हणतात; आपण हरणमूस म्हणू. थॉमस हार्डविक याने १८०७ मध्ये त्याचे शास्त्रीय वर्णन केले तेव्हा त्याच्या उड्या पाहून त्याला जर्बोआंच्या कुळातच घातले होते. आपल्या मराठी मुलखाशीही याचा संबंध आहे. वॉल्टर एलियट या अधिकाऱ्याने दक्षिण मराठा प्रदेशातील सस्तन प्राण्यांची यादी १८३९ साली प्रसिद्ध केली, तीत हा हजर आहे. पुढे कळले की हार्डविकचे वर्गीकरण चुकीचे होते. खरे जर्बोआ आफ्रिकेच्या आणि मध्य आशियाच्या वाळवंटांतले, हरणमूस त्यांचा फार दूरचा नातलग. त्याचा जवळचा भाऊबंद राजस्थानात आहे. तो म्हणजे थरचा वाळवंटी जर्बिल, ज्याचे वर्णन जर्डनने १८६७ मध्ये केले आणि हरियाणा प्रांतावरून त्याला नाव दिले.

वाळवंटात उड्या मारणारे प्राणी एकाच पूर्वजाची लेकरे असावीत असे प्रथमदर्शनी वाटते. अमेरिकेतील कांगारू उंदीर, आफ्रिका-आशियातील जर्बोआ आणि ऑस्ट्रेलियातील उड्या मारणारे उंदीर शेजारी ठेवले तर तिघे सख्खे भाऊ दिसतात: मागचे पाय लांब, पुढचे आखूड, शेपूट तोल सांभाळणारी, अंगाचा रंग वाळूसारखा. वस्तुतः कांगारू उंदराचे जवळचे आप्त बिळे खणणारे गोफर आहेत, आणि ऑस्ट्रेलियातील उंदीर आपल्या घरातील उंदराच्या कुळातला आहे. तिघेही तीन वाटांनी त्याच मुक्कामाला पोचले. म्हणून या प्राण्यांचा अभ्यास इतका मोलाचा ठरतो. निसर्गाने एकच गणित तीन वेळा, तीन निरनिराळ्या पाट्यांवर सोडवले आहे. रीत तीच वापरली की निराळी, हे आता आपल्याला तपासता येते, कारण जनुकांची लिपी आपण वाचू शकतो.

प्रथम ते गणित कोणते हे पाहू.

क्नुट श्मिट-निल्सन आणि बोडिल श्मिट-निल्सन हे डेन्मार्कमधून अमेरिकेत गेलेले शास्त्रज्ञ दांपत्य. बोडिल ही नोबेल पारितोषिक विजेते ऑगस्ट क्रोग यांची कन्या. पुढे १९७५ मध्ये अमेरिकन शरीरक्रियाशास्त्र संस्थेची ती पहिली महिला अध्यक्ष झाली. या दोघांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीस ॲरिझोनाच्या वाळवंटात कांगारू उंदराचा जमाखर्च मांडला. मला शास्त्राच्या इतिहासात याहून सुबक हिशेब क्वचितच आढळला आहे. हा उंदीर पाणी पीत नाही. साधारण महिनाभरात तो शंभर ग्रॅम सुके जव खातो. अन्न शरीरात जळते तेव्हा त्यातील हायड्रोजनचा प्राणवायूशी संयोग होऊन पाणी तयार होते. या शंभर ग्रॅममधून ५४ ग्रॅम पाणी मिळते. दाण्यांत हवेतून मुरलेले आणखी ६ ग्रॅम. जमा ६०. खर्च पाहा: लघवीतून १३.५ ग्रॅम, विष्ठेतून २.६ ग्रॅम, श्वास आणि त्वचेवाटे ४३.९ ग्रॅम. बेरीज ६०. शिल्लक शून्य, पण कर्जही नाही.

या शहरातील गृहिणींना हा हिशेब सांगण्याची गरज नसावी. १९७८ पासून नर्मदा आपल्या नळांना येते. सुमारे सत्तर किलोमीटरवरून, विंध्याचा चढ पंपांनी चढवून. आपण पाणी आणावयास इतके दूर जातो. कांगारू उंदीर ते स्वतःच्या पेशींत तयार करतो आणि मग चिक्कूपणाने खर्चतो.

चिक्कूपणाची कला दोन ठिकाणी आहे. एक नाकात. श्वास आत घेताना नाकाच्या भिंती थंड होतात. तोच श्वास बाहेर जाताना त्या थंड भिंतींवर बाष्प पुन्हा पाणी होऊन जमते. दुसरे ठिकाण मूत्रपिंड. मूत्रपिंडातील सूक्ष्म नळ्या खाली उतरतात, एक वेटोळे घेतात आणि पुन्हा वर येतात. हे वेटोळे याकोब हेन्ले याने १८६२ मध्ये दाखवले. खाली उतरणारी आणि वर चढणारी नळी शेजारीशेजारी असल्याने क्षारांची तीव्रता खोलात वाढत जाते, आणि वेटोळे जितके लांब तितकी लघवी घट्ट करता येते. महाविद्यालयात असताना खाटकाकडून आणलेले बकऱ्याचे मूत्रपिंड आम्ही उभे चिरून पाहत असू. तसेच वाळवंटी कृंतकाचे पाहिले तर आतला शंकू इतका लांब की तो मूत्रवाहिनीत उतरलेला दिसतो. माणूस आपली लघवी फार तर १,२०० ते १,४०० मिलिऑस्मोल इतकी घट्ट करू शकतो. समुद्राचे पाणी सुमारे १,०००. म्हणजे समुद्राचे पाणी पिऊन आपल्याला काहीच उरत नाही, उलट तोटा होतो. कांगारू उंदीर ५,००० च्या पुढे जातो आणि ऑस्ट्रेलियाचा उडणारा उंदीर ९,००० च्या वर. श्मिट-निल्सन दांपत्याने कांगारू उंदरांना प्रथिनयुक्त सोयाबीन खाऊ घातले. आता युरिया फेकण्यासाठी त्यांना पाणी लागणारच. मग त्यांना समुद्राचे पाणी पाजले, आणि ते जगले.

आपल्याकडेही हे काम झाले, आणि त्याचा उल्लेख आपल्या पाठ्यपुस्तकांत अधिक असायला हवा होता. जोधपूरच्या केंद्रीय शुष्क प्रदेश संशोधन संस्थेत, जिला १९५९ मध्ये आजचे रूप आले, ईश्वर प्रकाश आणि पी. के. घोष यांनी थरच्या कृंतकांचे आयुष्यभर अध्ययन केले. त्यांनी संपादित केलेला वाळवंटी कृंतकांवरील ग्रंथ १९७५ साली निघाला. एका हिवाळ्यात जोधपूरच्या बाहेर मी वाळवंटी जर्बिलांची वसाहत पाहिली. हा प्राणी कुळधर्म सोडून दिवसा वावरतो. सकाळचे ऊन वाळूवर आले की प्रत्येक बिळाच्या तोंडाशी एकेक जण मागच्या पायांवर बसून असतो, आणि घारीची सावली पडताच सारी वसाहत एका क्षणात जमिनीत. थंडीत बिया, उन्हाळ्यात पाने आणि मुळे, पावसात किडे असा त्याचा आहार. पाणी प्यायला तो कोठे जात नाही.

आता मुख्य प्रश्न. या सगळ्या विद्येतील किती भाग जनुकांत लिहिलेला आहे, आणि कोणत्या अक्षरांत?

१९९२ मध्ये पीटर ॲग्रे यांच्या प्रयोगशाळेला पेशीच्या आवरणातून पाणी नेणारे प्रथिन सापडले. त्याबद्दल त्यांना २००३ चे नोबेल मिळाले. या प्रथिनांना ॲक्वापोरिन म्हणतात. आपल्या मूत्रपिंडात त्यांचे अनेक प्रकार आहेत, आणि मेंदूतून सुटणाऱ्या संप्रेरकाच्या इशाऱ्यावर त्यांतील काही दारे उघडतात. साहजिकच अपेक्षा अशी की वाळवंटी उंदरात ही दारे अधिक असतील. २००१ मध्ये मेरियम कांगारू उंदराचे मूत्रपिंड तपासले तेव्हा आढळले की चौथ्या क्रमांकाचे ॲक्वापोरिन तेथे मुळीच नाही! प्रयोगशाळेतील साध्या उंदरातून हेच जनुक काढून टाकले असता त्याची लघवी घट्ट करण्याची शक्ती थोडी घटते. साध्या उंदराला जे उपयोगी, ते पाणी वाचवण्यात निष्णात असलेल्याला लागतच नाही. मला वाटते, जनुके आणि गुण यांचा एकास एक संबंध जोडण्याच्या आपल्या घाईला लगाम घालण्यासाठी एवढा एक निष्कर्षही पुरेसा आहे.

अमेरिकेतील निवडुंग उंदीर हे दुसरे उदाहरण. तो उड्या मारणारा नव्हे, पण वाळवंटी खरा. त्याला तीन दिवस पाणी दिले नाही, तेव्हा त्याचे वजन पाचव्या हिश्शाहून अधिक घटले. माणसाचे दहा टक्के पाणी गेले तर ते प्राणावर बेतते. हा उंदीर हिंडत होता आणि त्याच्या मूत्रपिंडाला इजा झाल्याची खूण नव्हती. येथे जनुकांची अक्षरे बदलण्यापेक्षा कोणती जनुके कधी आणि किती बोलकी होतात याला महत्त्व दिसते. रक्तवाहिन्यांचा आणि मूत्रपिंडातील रक्तप्रवाहाचा ताबा ठेवणारी जनुके तहानेत निराळ्या स्वरात बोलू लागतात.

मूत्रपिंडाची कथा अशी गुंतागुंतीची आहे, कारण त्यात शेकडो जनुकांचा हात असणार. म्हणून ज्याला संपूर्ण साखळी पाहायची आहे त्याने रंगाकडे वळावे. आपण या क्षणी लाव्ह्यावर बसलो आहोत, हे विद्यार्थी मित्रांनी ध्यानात घ्यावे. माळव्याचे पठार हे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या दख्खनच्या लाव्ह्याचेच उत्तरेकडील अंग. ॲरिझोनातील पिनाकेटे येथेही काळा लाव्हा आहे, पण तो दहा लाख वर्षांहूनही ताजा. कांगारू उंदराच्याच कुळातील एक छोटा खडकी उंदीर तेथे राहतो. फिकट वाळूवरचे उंदीर फिकट, लाव्ह्यावरचे काळेभोर. घुबडांना विरोधी रंगाचा उंदीर चटकन दिसतो. २००३ मध्ये मायकेल नॅकमन, होपी होकस्ट्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एमसी१आर या एका जनुकात या काळेपणाचे मूळ शोधले: प्रथिनातील चार ठिकाणचे बदल. न्यू मेक्सिकोतील लाव्ह्यावरही असेच काळे उंदीर आहेत. तेथे हे बदल नाहीत. तेथला काळेपणा दुसऱ्या जनुकीय वाटेने आला आहे. उत्क्रांतीला निष्पत्ती हवी असते, वाट कोणती याची तिला फिकीर नसते, हे येथे हाताला धरून दाखवता येते.

आता पाय. उड्या हा विषय मी मुद्दाम मागे ठेवला, कारण उडी मारणे आणि पाणी वाचवणे या दोन निराळ्या गोष्टी असून त्यांची गल्लत नेहमी होते. उड्यांनी पाणी वाचत नाही. उघड्या वाळूत लपायला झाड नाही, शत्रू वरून घुबड आणि खालून साप. तेव्हा उपयोगी पडते ती अनपेक्षित दिशा. दोन पायांवर उड्या मारणाऱ्या जर्बोआची पळण्याची वाट चार पायांवर धावणाऱ्या कृंतकाच्या वाटेपेक्षा फार कमी अंदाजे बांधता येते, असे २०१७ मध्ये प्रयोगांनी दाखवले गेले. आपल्या हरणमुसाच्या उड्यांमागेही तेच कारण असावे, असे मला वाटते.

इजिप्तच्या लहान जर्बोआला मागच्या पायाला तीनच बोटे आहेत आणि तळपायाची मधली तीन हाडे जुळून एकच दांडा झाला आहे. सॅन डिएगो येथील किंबर्ली कूपर यांनी या प्राण्याला प्रयोगशाळेत आणले. त्यांच्या कामातील एक गोष्ट विशेष सांगण्याजोगी. जन्माच्या वेळी जर्बोआच्या पायांची प्रमाणे साध्या उंदरासारखीच असतात. जन्मानंतर तळपायाची हाडे भराभर वाढू लागतात, आणि या वाढीचे एक रहस्य असे की तेथील कूर्चापेशी फुगून फार मोठ्या होतात. २०२२ मध्ये त्यांच्या गटाने जर्बोआ आणि उंदीर यांच्या वाढत्या हाडांतील जनुके शेजारी ठेवून तपासली. त्यांत शॉक्स-२ हे जनुक लक्षवेधी ठरले. उंदरात ते खांदा आणि मांडीकडील हाडांत काम करते, तळपायात गप्प असते. जर्बोआत ते तळपायातही बोलू लागले आहे. जनुक जुनेच, फक्त नवी खोली उघडून दिली. या कुळातील एक भगिनी जनुक माणसात बिघडले तर उंची खुंटते, हे वैद्यकाला आधीपासून ठाऊक आहे. म्हणजे वाळवंटातील उंदराच्या तंगडीचा अभ्यास थेट बालरोगतज्ज्ञाच्या दवाखान्याशी येऊन भिडतो. याहून चमत्कारिक म्हणजे तळपायातील बारीक स्नायू. पिल्लात ते तयार होतात आणि जन्मानंतर थोड्याच दिवसांत विरून जातात, पण पेशी मेल्याची खूण आढळत नाही. शरीर उभारलेली भिंत स्वतःच उतरवून ठेवते.

येथपर्यंत मी विजयाच्या कथा सांगितल्या. आता जी सांगणार आहे ती या शहरातील बऱ्याच घरांशी संबंधित आहे.

उत्तर आफ्रिका आणि पश्चिम आशियात वाळूतला लठ्ठ उंदीर म्हणून एक जर्बिल आहे, आपल्या हरणमुसाचा चुलता म्हणा. खारट, पाणीदार, सत्त्वहीन अशा झुडपांच्या पानांवर तो निरोगी राहतो. १९६० च्या दशकाच्या आरंभी शास्त्रज्ञांनी तो प्रयोगशाळेत नेऊन इतर उंदरांचे पौष्टिक खाणे दिले, तेव्हा तो फुगला आणि त्याला मधुमेह झाला. त्यानंतर हा प्राणी मधुमेहाच्या अभ्यासात कायमचा दाखल झाला. इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशींना पीडीएक्स-१ नावाचे जनुक अत्यावश्यक असते. या उंदराच्या डीएनएत ते सापडेचना. वर्षानुवर्षे लोक म्हणत, ते नाहीसेच झाले असावे. २०१७ मध्ये ऑक्सफर्ड येथील पीटर हॉलंड यांच्या सहकाऱ्यांनी ते शोधून काढले. ते होते, परंतु डीएनएच्या चार अक्षरांपैकी जी आणि सी यांनी इतके भरलेल्या भागात की वाचण्याची नेहमीची यंत्रणा त्यावरून घसरून जात होती. आणि इतर प्राण्यांत कोट्यवधी वर्षे जवळजवळ न बदललेल्या त्या प्रथिनात येथे बरेच बदल झाले होते.

ही गोष्ट बहुतेकदा अशी सांगितली जाते: उपासमारीच्या वाळवंटात काटकसरी जनुके निवडली गेली, आणि सुबत्ता येताच ती उलटली. कथा आकर्षक आहे. मला ती अपुरी वाटते. हा बदल उपयोगी होता म्हणून टिकला, असे येथे सिद्ध झालेले नाही. डीएनएची दुरुस्ती होताना एका विशिष्ट प्रकारच्या अक्षरांना झुकते माप मिळते, आणि त्या झुकावाने हा सारा प्रदेश लोटला गेला असणे अधिक संभवते. नक्कलकाराला एक अक्षर विशेष आवडावे आणि पोथीत ते जागोजाग घुसावे, तसे. प्राणी त्या चुकांसह कसाबसा जुळवून जगला. प्रत्येक बदलाला अनुकूलन म्हणण्याची सवय आपण सोडली पाहिजे, हे माझे मत मी येथे आग्रहाने मांडतो.

माणसासाठी काटकसरी जनुकांची कल्पना जेम्स नील यांनी १९६२ मध्ये मांडली. भारतीयांना मधुमेह अधिक आणि लवकर का होतो, याचे उत्तर म्हणून ती आपल्याकडे फार लोकप्रिय आहे. सराफ्यात जिलेबीचा दुसरा द्रोण घेताना पूर्वजांच्या दुष्काळांवर भार टाकणे सोयीचेही आहे. पण पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी निराळ्या दिशेने पाहिले. १९९३ पासून त्यांनी पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील स्त्रियांचा गर्भारपणापूर्वीपासून मागोवा घेतला. तेथील नवजात बालकांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो भरले, इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बालकांचे ३.५ किलो. बाळ बारीक, स्नायू कमी. पण त्वचेखालची चरबी त्या मानाने राखलेली. दिसायला हडकुळे आणि आतून मेदयुक्त. याची बरीचशी घडण आईच्या पोटात, तिच्या ताटातील अन्नावरून होते. जनुके बदलली नाहीत तरी जनुकांचा स्वर गर्भातच लावला जातो. जन्मानंतर जर्बोआच्या तळपायात जनुक बोलू लागते. पुण्याच्या बाळात, जन्माआधी, दारिद्र्य बोलते. नुसत्या जनुकांना दोष दिला की आईच्या ताटाकडे पाहावे लागत नाही, आणि माझा मुख्य आक्षेप हाच आहे.

जनुके निर्दोष आहेत असेही मी म्हणत नाही. केनियाच्या वायव्येकडील रखरखीत प्रदेशात तुर्काना हे पशुपालक लोक राहतात. दूध, रक्त, मांस हा त्यांचा आहार आणि पाणी दुर्मीळ. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्यांच्या एसटीसी-१ या जनुकापाशी नैसर्गिक निवडीची ठळक खूण सापडली; हे जनुक मूत्रपिंडात पाणी राखण्याच्या कामाशी संबंधित आहे. आणि याच समाजातील जे लोक शहरांत गेले त्यांच्यात रक्तदाब, लठ्ठपणा यांसारखे विकार वाढलेले दिसतात. कांगारू उंदराचे गणित माणसानेही थोडेसे सोडवले होते, आणि पाटी बदलताच उत्तर चुकू लागले.

पाटी बदलण्याची आणखी एक गोष्ट आपल्या देशात घडते आहे. राजस्थान कालव्याचे काम १९५८ मध्ये सुरू झाले. पुढे त्याला इंदिरा गांधींचे नाव मिळाले. हिमालयाचे पाणी थरमध्ये आले. ज्यांच्या घरातील बाया मैलोगणती घागरी वाहत होत्या त्यांच्या दारात पाणी आले, याविषयी कोणीही, विशेषतः नर्मदेचे पाणी पिणाऱ्या इंदूरकराने, तक्रार करू नये. पण जमीन ओली झाली, नांगरली गेली, आणि वाळवंटी जर्बिलाची बिळे तेथे टिकेनात. त्याच्या जागी ओल सोसणारे उंदीर, हरणमूस आणि लहान घूसही शिरली. लाखो वर्षे पाण्यावाचून राहण्याची विद्या मिळवलेला प्राणी पाण्यापुढे हटला. त्यात झिंक फॉस्फाइडच्या मोहिमा आहेतच. शेतकऱ्याचे धान्य राखायचे तर त्याही टळत नाहीत, आणि कृंतकांमुळे चराऊ कुरणांचे नुकसान होते हे त्याच जोधपूरच्या शास्त्रज्ञांनी मोजून दाखवले आहे.

मला चिंता आहे ती निराळी. आज आपल्यापुढे मी ठेवलेले जनुकांचे जवळजवळ सर्व काम अमेरिकेच्या, आफ्रिकेच्या प्राण्यांवर झालेले आहे. आपल्या हरणमुसाच्या मूत्रपिंडात चौथे ॲक्वापोरिन आहे की नाही, हे पाहण्यासाठी फार मोठी सामग्री लागत नाही. थरमधील जर्बिलाच्या निरनिराळ्या वसाहतींत किती जनुकीय वैविध्य आहे हे आज मोजले नाही, तर कालव्याच्या काठच्या वसाहती गेल्यावर ते मोजता येणार नाही. जोधपूरच्या माणसांनी साध्या तराजूने आणि पिंजऱ्याने जे काम केले त्याच्या पुढचे पान कोरे आहे.

ते भरण्याची थोडी सामग्री जपून ठेवलेली आहे. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने १९११ मध्ये सस्तन प्राण्यांची देशव्यापी पाहणी आरंभली, आणि तिची सुरुवात आपल्या शेजारच्या खानदेशापासून झाली. त्या पाहणीत हजारो कातडी जमा झाली, त्यांत लहानसहान कृंतकांचीही. प्रत्येकाच्या पायाला चिठ्ठी बांधलेली, तीवर गाव आणि तारीख. शंभर वर्षांपूर्वीच्या कातड्यातूनही आता डीएनए वाचता येते. कालव्यापूर्वीचा उंदीर आणि कालव्यानंतरचा उंदीर यांची अक्षरे शेजारी ठेवून पाहता येतील. आज येथे बसलेल्या विद्यार्थ्यांपैकी कोणी जीवशास्त्राकडे वळणार असेल, तर मुंबईला जाणारी गाडी रोज संध्याकाळी सुटते, एवढेच मी त्याला सांगेन.